नावाची ओळ

"नाई पाठचा भाऊ वो, कोनाले ववाळू,
बीजेच्या चांदोबा रे, ये घरी हळूहळू."

वारलूच्या आईला, रुखमाबाईला, जाऊन वीस वर्षं झाली, तरी तिचा आवाज त्याच्या कानात तसाच होता. जरासा घोगरा, ओळीच्या शेवटी श्वास तुटणारा. भाऊबीजेच्या सांजेला दिवस बुडता बुडता ती ताटलीत दिवा घेऊन धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी राही. पश्चिमेला नखाएवढी कोर दिसली की तिला ओवाळी. ज्या बाईला भाऊ नाही ती चांदाला ओवाळते, ही रीत साऱ्या मुलखाची. पण बाकीच्या बाया ओवाळून घरी परतत. रुखमाबाई तिथंच थांबे आणि त्याच्याशी बोले. सासू काय म्हणाली, म्हैस कशी आटली, हलकं धान किती भरलं, सगळं. कडेवरच्या वारलूला सांगे, "हा तुहा सख्खा मामा होय. याच्या गावाले जाता येत नाई. पर हाच दर महिन्याले येते."

पोरानं ते खरं धरलं, आणि मिसरूड फुटल्यावरही सोडलं नाही. चार इयत्ता शिकला, अक्षर वळणदार होतं, एक वही होती. त्या वहीत वारलू चांदाची गाणी लिही. लोक चांदावर गाणी करतात ती बायकोचं तोंड आठवून. वारलू करी ती भाच्यानं मामाला चिठ्ठी धाडावी तशी.

"मामा, तुह्या आंगनात कोन सारवन करते?
डाग राह्यला एक, रोज कोन इसरते?"

गावाच्या दंडारीत, नाचगाण्याच्या खेळात, ही गाणी रात्रभर चालत. ढोलकीवर लटारू. तो वारलूची टिंगल करायचा एक मोका सोडत नसे. "काय गा वारलू, मामाचा निरोप आला का? पानी कवा धाडते?"

"मामा म्हंते, लटारूनं एकडाव आंग धुतलं का धाडतो."

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात वारलू आपलं नाव घाली, 'वारलू म्हने'. ही दंडारीची रीतच होती. ज्यानं गाणं जोडलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत आलंच पाहिजे. त्या ओळीला सगळे मिळून आवाज चढवत, आणि तेवढ्या एका शब्दापुरता वारलू गावाहून उंच होई.

चौपन्न सालच्या चैतात मात्र ते नाव त्याला भोवलं. जंगलखात्याच्या एका नाकेदारानं डोंगरातल्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, कोंबड्या उचलून नेल्या, त्यावर त्यानं गाणं केलं. कोंबड्या चांदाकडे फिर्याद घेऊन जातात, असं. लोक हसून हसून पडले. आठ दिवसांनी नाकेदारानं त्याला वाटेत गाठलं. "वारलू म्हने, आँ? म्हन आता," असं म्हणत त्याच्या तोंडावर बुटाची टाच मारली. समोरचे दोन दात गेले. तोंडात रक्त घेऊन तो दोन कोस चालत घरी आला. तेव्हापासून बोलता बोलता त्याची जीभ त्या खाचेत जाऊन बसे.

दर वर्षी दिवाळीनंतर, हलकं धान घरात आलं की, तो बांबूच्या कुपात, जंगलातल्या तोडीच्या पट्ट्यात, कामाला जाई. तिथं सहा वर्षं त्याचा जोडीदार एकच, मंगरू. मंगरू डोंगराच्या पोटातल्या टोल्यावरचा गोंड. एकानं बुंध्याशी घाव घालायचा, दुसऱ्यानं अडकलेला वेळू बेटातून ओढून काढायचा. चुकलं तर चिरलेला वेळू भाल्यासारखा पोटात शिरतो. असा जोडीदार भावापेक्षा जवळचा होतो, कारण भावाच्या हातात रोज आपला जीव नसतो.

वारलूची चांदगाणी मंगरूला भारी आवडत. पण एकदा तो म्हणाला, "तू मामा मामा करते, पर तुह्या मामाचं काम काय हाय ते तुले माईत नाई."

"काय काम?"

"नेलेंज भरते ना," मंगरूनं चांदाला आपल्या बोलीतलं नाव घेतलं, "तवा वेळूत रस वर चढते. नेलेंज घटला का रस मुळाले उतरते. भरल्या रसात कापलं त वेळूले भुंगा लागते. आन् बेट रुसते. पुढच्या पावसात वास्ते देत नाई."

वास्ते म्हणजे वेळूचे कोवळे कोंब. श्रावण-भादव्यात कणगीतलं धान सरतं, तेव्हा टोल्यावरच्या चुली त्याच कोंबांवर पेटत्या राहतात. म्हणून कुपात जुनी रीत होती की कापणी अंधाऱ्या पाखात करायची. चांदण्या पाखात कापलेलं ओढायचं, बांधायचं, बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून नदीच्या घाटावर न्यायचं. जुना ठेकेदारही ती पाळे.

मंगरूचं ते बोलणं वारलूच्या मनात चार दिवस आंबत राहिलं आणि पाचव्या दिवशी गाणं होऊन बाहेर आलं.

"चांद घटते घटते, रस उतरते मुळी,
घाल कुऱ्हाड गड्या, पाड वेळूची फळी.
चांद भरते भरते, दूध वेळूत दाटते,
पिते पोर वढून, कोन आईले काटते?"

पुढं एकेका तिथीची एकेक ओळ होती. बीज-तीज झाली, कोयता घरी टांगा, पुनवेच्या दिशी वेळूच्या पाया लागा. संध्याकाळी डेऱ्यावर परतलेली माणसं वर बघत, त्या दिवसाची ओळ म्हणत, आणि उद्या काय करायचं ते ठरून जाई. वारलूनं आजवर केलेलं हे सगळ्यात चांगलं गाणं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

फक्त शेवटच्या ओळीत त्यानं नाव घातलं नाही. त्या साली कूप नव्या ठेकेदारानं घेतलं होतं, त्याचा मुकादम कडक आहे असं ऐकू येत होतं, आणि वारलूच्या हिरड्या अजून दुखत होत्या. 'वारलू म्हने' जिथं यायचं तिथं त्यानं लिहिलं, 'सांगनारा म्हने'. वही झोपडीच्या छपरात खोचली आणि गाणं मंगरूच्या कानात सोडून दिलं. मंगरूचा गळा मोठा. आठ दिवसांत ते तिन्ही डेऱ्यांवर पोचलं.

महिन्याभरानं ते उलट फिरून वारलूच्या कानी आलं. पलीकडच्या डेऱ्यावर लोक म्हणत होते,

"मंगरू म्हने गड्याहो, चांद पाहून तोडा,
भरला वेळू रडते, त्याले आज सोडा."

वारलूच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "हे कोन जोडलं?"

"मी जोडलं," लटारू म्हणाला. तोही त्या साली कुपात होता. "काऊन? बिननावाचं गानं म्हंजे बिनशेपटीची म्हैस. माश्या कोन हाकलन? मंगरूच्या तोंडून आयकलं, मंगरूचं असन."

मंगरू चुलीपाशी बसून हसत होता. लटारू उठून गेल्यावर म्हणाला, "मले इचारलं नाई कोनी. तूनं जागा खाली ठेवली, लोकायनं भरली. सांग ना मंग, तुहं हाय म्हून."

"सांगीन. दंडारीत सांगीन, पाटावर उभा राहून."

रात्री त्याला झोप लागली नाही. आपला सदरा दुसऱ्याच्या अंगात बघावा तसं वाटत होतं. मंगरूला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, आणि तीन डेरे त्याच्या नावानं आवाज चढवतात. पण त्या जळण्याखाली एक उबदार जागाही होती. आपल्या अंगात तो सदरा नाही, याची ऊब. ती जागा त्यानं स्वतःलाही दाखवली नाही.

मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात मुकादम आला. नाव भैयाजी, नदीपलीकडचा, पन्नाशीचा, आवाज मऊ. सोबत चार माणसं. हातात बंडीची उभारी, म्हणजे बंडीच्या कडेला खोचतात तो मनगटाएवढा दांडा. घाटावर गाड्या येऊन उभ्या होत्या आणि तिन्ही डेऱ्यांवर कुऱ्हाडी भिंतीला टेकलेल्या.

दशमीचा दिवस होता. दुपार कलली होती, आणि चांद उन्हातच पूर्वेला वर आला होता, ताकाच्या डागासारखा पांढुरका.

"काऊन बसले गा?" भैयाजीनं विचारलं. "सगळ्याच्या आंगात ताप हाय का?"

"चांद भरून राह्यला, भैयाजी," एक म्हातारा म्हणाला. "अंधारा पाख लागला का कापू."

"हा माल काय घर बांधाले चालला? कागदाच्या गिरनीत जाते. तिथं त्याचा लगदा होते. लगद्याले भुंगा लागते का?"

"लगद्याले नाई लागत," मंगरू म्हणाला. "आमच्या पोटाले लागते. वास्ते नाई आले त आमी काय लगदा खाऊ?"

सगळे हसले. भैयाजीही हसला. मग त्यानं उभारी जमिनीत रोवली. "तिन्ही डेऱ्यावर मले एकच गानं आयकू येते. म्हना पाहू. पुरं म्हना."

भैयाजीनं लटारूकडे बोट केलं तेव्हा लटारूनं सुरुवात केली, आणि एकदा गाणं सुरू झालं की लोकांच्यानं गप्प बसवत नाही. भैयाजी उभारीनं ठेका धरून ऐकत होता. 'कोन आईले काटते' या ओळीला त्यानं मान डोलावली, 'बढिया' म्हणाला. शेवटची ओळ आली. सवयीनं सगळ्यांचा आवाज चढला.

"मंगरू म्हने," भैयाजी पुटपुटला. "कोन हा मंगरू?"

साऱ्यांच्या नजरा मंगरूकडे गेल्या, आणि चौघांनी त्याला धरलं. पहिला घाव पाठीवर पडला, दुसरा नडगीवर. नडगीचा आवाज साऱ्यांनी ऐकला, वाळकं कांडं पायाखाली यावं तसा. मंगरू गुडघ्यावर आला. त्याचा धाकटा भाऊ कोलू कुऱ्हाड घेऊन धावला, तर एकानं त्याच्या कपाळावर दगड घातला. तो आडवा झाला आणि डोळ्यांत रक्त उतरल्यामुळं चाचपडत राहिला.

"हे पाह्य," भैयाजी मऊपणानं म्हणाला, "गानं खोटं हाय, एवढंच म्हन. साऱ्यायच्या पुढं म्हन आन् जा."

"खोटं कसं राहीन?" मंगरू धापा टाकत म्हणाला. "चांद त वर दिसून राह्यला."

तिसरा घाव, चौथा. मंगरूच्या तोंडून आता शब्द येत नव्हते, नुसता वारा येत होता. भैयाजीनं त्याचा उजवा हात वेळूच्या कापलेल्या खुंटावर धरायला लावला आणि एकाच्या हातातली कुऱ्हाड घेतली. पातं वर, बोथट तुंबा खाली.

मग तो थांबला आणि साऱ्यांकडे वळला. "हा गडी बोलते त डोक्यानं बोलते, पर गानं जोडनारा वाटत नाई मले. याचं नसन त कोनाचं हाय? ज्याचं असन त्यानं पुढं यावं. याले मी आत्ता सोडतो."

वारलू सात पावलांवर उभा होता.

त्याची जीभ दातांच्या खाचेत गेली. तिथं चैतातल्या रक्ताची चव होती, नऊ महिन्यांनंतरही. पाय उचलायचा, असं त्यानं ठरवलं. ठरवलं ते त्याला पुढं जन्मभर आठवत राहिलं. मंगरूनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं. कापलेला वेळू कुठं पडेल याचा अंदाज घेताना तो जसा बघे, तसंच, क्षणभर. मग नजर काढून घेतली.

"कोनाचंच नाई," मंगरू म्हणाला. "नाव माह्यं हाय ना त्यात?"

"आयकलं?" भैयाजी म्हणाला, आणि तुंबा खाली आला.

एकेका बोटाला एकेक घाव. भैयाजीनं घाई केली नाही. प्रत्येक घावानंतर तो "कोनाचं?" विचारी आणि माणसांकडे बघे. चार वेळा विचारलं. पाचव्या वेळी विचारलंच नाही. अंगठा तुटून सालीला लोंबत राहिला. मग चौघांपैकी एकानं, काम संपलं असं दाखवायला, मंगरूच्या पोटात लाथ घातली. बाहेरून काही दिसलं नाही. मंगरू पुढं मेला तो त्या लाथेनंच.

त्या दिवशी मावळतीपर्यंत सगळ्यांनी वेळू कापले. वारलूनंही कापले. भरल्या वेळूंतून पाणी गळत होतं, हात कोपरापर्यंत ओले होत होते. कुणी गात नव्हतं. वर चांद उजळत गेला आणि वारलूनं डोक्यावरचा दुपट्टा पुढं ओढून घेतला.

टोल्यावर मंगरू चार दिवस जगला. पोट फुगून दगडासारखं झालं होतं. त्याची बायको सुकरी पळसाच्या पानानं वारा घालत बसे. वारलू रोज जाई आणि दारात बसून राही. चौथ्या दिवशी मंगरू आपल्या बोलीत काही पुटपुटू लागला. वारलूला ती बोली अर्धीच कळे.

"काय म्हंते, सुकरीबाई? कोनाचं नाव घेते का?"

"पानी मागते," सुकरी म्हणाली.

वारलूनं पाणी आणलं. ते आत गेलं नाही, गालावरून खाली ओघळलं. तिसऱ्या प्रहरी मंगरूला मातीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर चाळीस माणसं गेली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पुढं कोलू, कपाळावर पाला बांधलेला. भैयाजी नदीवर आंघोळ करत होता, उघडा, कमरेला ओलं धोतर. त्याची चार माणसं गर्दी बघून गाड्यांमागून पळाली. भैयाजीला वाळूत पाडलं तेव्हा त्याच्या हातात साबणाची वडी होती.

कोलूनं पहिला दांडा नडगीवर घातला, मोजून त्याच जागी. मग सगळे तुटून पडले. वाळूत रक्त लवकर मुरतं, दिसत नाही. घाव मात्र ऐकू येत होते. भैयाजी डोकं हातांत घेऊन लोळत होता आणि लोळता लोळता बोलत होता. त्याचा आवाज अजून मऊच होता.

"मी इचारलं होतं," तो म्हणाला. "आयका, बापा. चार डाव मी इचारलं होतं, कोनाचं हाय म्हून. तुमच्यातला एकही... तो मंगरू याच्याकडं पाहून राह्यला होता, मी पाह्यलं, याच्याकडं..."

त्याचा हात उठला. त्या हाताचं बोट फिरत फिरत वारलूच्या बाजूला येऊ लागलं.

वारलूनं बाजूच्या बंडीची उभारी उपसली आणि भैयाजीच्या तोंडावर घातली. दात वाळूत सांडले. भैयाजीनं पुन्हा तोंड उघडलं, तर त्यानं पुन्हा घातली. जबडा एका बाजूला सरकला. तिसरा, चौथा, पाचवा. बाकीचे थांबले तरी वारलू थांबेना. त्याच्या घशातून एक बारीक आवाज येत होता, जनावराच्या पिलाचा असतो तसा. शेवटी कोलूनंच त्याला मागून कवेत धरलं.

"बस कर गा भाऊ," कोलू त्याच्या कानाशी म्हणाला. "मरन तो."

भैयाजी मेला नाही. त्याला बंडीत घालून चांदा शहरातल्या दवाखान्यात नेलं, जबडा फडक्यानं बांधला. पोलीस आले तेव्हा, आणि पुढंही, त्याच्या तोंडून नुसता घुरघुराट निघे, आणि त्याला लिहिता येत नव्हतं. कोलूनं सांगितलं, "सारं मीच केलं. बाकी कोनाचा हात लागला नाई." त्याला तीन वर्षांची सजा झाली. नावं घेतली असती तर थोडी कमी झाली असती, असं लोक म्हणत.

आणि लोक हेही म्हणत, की मैतर असावा त वारलूसारखा. स्वतःचे दोन दात गेले तेव्हा नाकेदारापुढं बोलला नव्हता, पण मैतरासाठी मुकादमाचा जबडा फोडला. गावात बाया त्याला बघून पदर सावरत. लटारूनं टिंगल करणं सोडलं. मोह पडू लागला तेव्हा सुकरीनं पहिल्या फुलांची टोपली त्याच्या घरी धाडली. वारलूनं ती घेतली. फुलं अंगणात वाळत टाकली आणि दोन दिवस त्या अंगणात पाय टाकला नाही.

वही छपरातून काढली ती एकदाच. 'मामा' एवढं लिहिलं. पुढचा शब्द येईना. त्यानं वही मिटून पुन्हा छपरात खोचली. नंतर चांदणं पडलं की तो आत निजे, उन्हाळ्यातही, आणि बायकोनं विचारलं तर डास चावतात म्हणे.

गाणं मात्र वाढत गेलं. पुढचा मुकादम आला तो आधीच घाबरलेला. त्यानं अंधाऱ्या पाखाची रीत पुन्हा चालू केली. दुसऱ्या कुपांतली माणसं ते गाणं शिकायला येऊ लागली. सगळीकडे शेवटच्या ओळीला आवाज चढे, 'मंगरू म्हने'.

वैशाखात टोल्यावर मंगरूचा दगड उभा केला. मेलेल्या कर्त्या माणसाचा उभा दगड रोवायची त्यांच्यात रीत आहे. पंधरा माणसांनी वेलींचे दोर लावून तो लांबट दगड डोंगरातून ओढत आणला. सकाळपासून ऊन तापत होतं. खड्डा खणला, दगड तोलला, माती चेपली. सुकरीनं त्याला हळद लावली, पाणी घातलं. भाऊ म्हणून कोलूनं करायचं ते तिनंच केलं, कारण कोलू जेलात होता.

मग ती वारलूकडे वळली. "आता गानं म्हना. त्याचं. तू म्हन गा वारलूभाऊ, तू त्याचा जोडीदार."

"लटारू म्हनन."

"लटारूचा गळा चांगला हाय, पर तू म्हन. आन् मंग मले कागदावर लिहून दे. मले वाचता नाई येत. असू दे. मी मेली तरी कागद राहीन. त्याच्या नावाचं दुसरं काईच नाई माह्यापाशी."

तिनं खरंच एक कागद आणला होता, बाजारातल्या गुळाचा, हातानं चोपून सरळ केलेला. तिनं तो दगडाच्या पायाशी ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला.

वारलू उठला. लटारूनं ढोलकीवर थाप दिली. पहिल्या ओळीला त्याचा आवाज फाटला, दुसऱ्या ओळीला लागला. चांद घटला, रस उतरला, चांद भरला, दूध दाटलं. माणसं हळूहळू साथ देऊ लागली. सुकरी डोळे मिटून ऐकत होती. तिथीमागून तिथी सरली आणि शेवटचं कडवं आलं. आवाज चढवायला साऱ्यांनी छातीत वारा भरला.

वारलू थांबला.

ढोलकी दोन थापा एकटी वाजली, मग तीही थांबली.

"काऊन थांबला गा?" सुकरीनं डोळे उघडले. "इसरला का?"

"इसरलो नाई."

"मंग म्हन ना. नावाची ओळ राह्यली."

"तिथं त्याचं नाव नव्हतं, सुकरीबाई," वारलू म्हणाला. "तिथं माह्यं नाव याले पायजे होतं. गानं मी केलं. चांदाचं काम काय असते ते त्यानं सांगतलं, पर जोडलं मी. भेव वाटला म्हून नाव टाकलं नाई. लोकायनं त्याचं टाकलं, त्याले माईत होतं, तरी तो बोलला नाई. भैयाजी इचारून राह्यला होता तवा मी सात पावलांवर होतो. त्यानं माह्याकडं पाह्यलं."

कुणीतरी हातातला दोर खाली टाकला. लटारू ढोलकीच्या वादीशी चाळा करत होता, तो थांबला. सुकरीला ऐकू आलं होतं, पण ते पुरतं आत जायला वेळ लागत होता.

"असं कसं?" ती म्हणाली, जणू त्याचीच समजूत काढत होती. "घाटावर त साऱ्यायपेक्षा जास्ती तूच मारलं. कोलूनं मले सांगतलं. पाच घाव घातले म्हने तूनं, मंगरूसाठी."

"मंगरूसाठी नाई मारलं," वारलू म्हणाला. "भैयाजी माह्यं नाव सांगत होता. ते त्याच्या तोंडातून बाहीर येऊ नये म्हून मारलं."